नाना भिंतीकडे बघायचे

कुणी पासवर्ड टाकायला लागलं की अहिरे नाना भिंतीकडे बघायचे. नुसती मान वळवायचे नाहीत, खुर्चीसकट वळायचे. समोर कॅलेंडर असेल तर ते वाचायचे, नसेल तर भिंतीचा रंग बघत बसायचे. टाइप करणारा "झालं, नाना" म्हणेपर्यंत परत फिरायचे नाहीत. एकदा हिशेब खात्यातला एक वात्रट कारकून मुद्दाम गप्प बसून राहिला, नाना किती वेळ असे बसतात ते पाहायला. तो कंटाळला, नाना कंटाळले नाहीत.

माझ्या टेबलाच्या खणाला कुलूप होतं. मी किल्ली काढली की नाना तेव्हाही वळायचे. मी एकदा सांगितलं, "नाना, खणात नुसत्या चिंचेच्या गोळ्या आहेत."

"असू द्या ना, ताई. तुमच्या गोळ्या."

नानांबद्दल लिहायचं तर आधी त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं. आमची कंपनी द्राक्षं परदेशी पाठवायची. ऑफिस नाशकात द्वारका चौकाजवळ, पॅकहाऊस आणि शीतगृह पिंपळगाव बसवंतला. नव्वदच्या दशकात कंपनीत संगणक आले तेव्हा नामपूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारा हा माणूस कुठलासा संगणकाचा कोर्स करून आमच्याकडे लागला. मी आस्थापनेत होते. कोण कामावर आलं, कोण सोडून गेलं हे माझ्याकडे. आलेल्याला संगणकावर खातं काढून द्यायचं, म्हणजे नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरायची सोय करून द्यायची, आणि गेलेल्याची ती सोय बंद करायची, हे नानांकडे. त्यामुळे वर्षानुवर्षं महिन्याच्या अखेरीला आमची गाठ पडायचीच.

मी कामाच्या याद्या करणारी बाई आहे. माझ्या दृष्टीने माणूस गेला की एक ओळ खोडायची असायची. नाना तसं करत नसत. जो सोडून चाललाय त्याला ते शेवटच्या दिवशी स्वतःच्या थंड खोलीत बोलवायचे. ही खोली म्हणजे सर्व्हरची. चपला बाहेर, आत स्वेटर घालून नाना. त्या माणसाला ते स्वतःच्या खुर्चीत बसवायचे, शेवटचं आत शिरायला सांगायचे, आणि आपण भिंतीकडे वळायचे. मग विचारायचे, "बघून घ्या. काही राहिलंय का?" राहिलेलं असेल ते काढून दिलं की त्याच्या देखत खातं बंद करायचे. मग चहा. एका माणसाला साहेबांनी वाईट शब्दांत काढून टाकलं होतं. तो संतापलेला आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. मला म्हणाला, आख्ख्या कंपनीत मला निरोप दिला तो या एकट्याने.

नानांचं म्हणणं एवढंच असायचं, "गेलेल्याचं दार लावायचं असतं, ताई. राग म्हणून नाही. रीत म्हणून."

इतक्या जपून दारं लावणाऱ्या या माणसाकडून एक दार उघडं राहिलं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचं होतं. ते कसं झालं ते सांगण्यासाठी मी हे लिहिते आहे.

त्याआधी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी वजनकाट्यांची, ट्रॉल्यांची, टेम्पोंची पूजा व्हायची, तशी संगणकांचीही. पहिल्या वर्षी कुणीतरी भक्तिभावाने फ्लॉपीच्या फटीत कुंकू घातलं. तेव्हापासून नानांनी नियम केला: बोट पडद्याच्या कोपऱ्यालाच लावायचं, फूल डब्यावर, नारळ जिन्याखाली. आणि सगळे हजर असतात म्हणून हाच दिवस त्यांनी खाती तपासायला धरला. ते यादीतलं एकेक नाव घ्यायचे. त्या माणसाने समोर येऊन आपल्या यंत्राला हळदकुंकू लावायचं आणि लगेच नवा पासवर्ड घालायचा. जो समोर आला नाही त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद, तो स्वतः येईपर्यंत. "नाव घेतलं की माणूस दिसला पाहिजे," एवढीच त्यांची तपासणी.

एका वर्षी मोठे साहेब परदेशात होते. नानांनी त्यांचंही खातं बंद केलं. साहेबांचा फोन आला. आधी हसले, मग चिडले. नाना उभे राहून बोलत होते. "साहेब, फोनवर आवाज कुणालाही काढता येतो. आल्यावर या, दोन मिनिटांचं काम आहे." साहेब परतल्यावर आले, चपला काढून खोलीत बसले, पासवर्ड टाकला. नाना भिंतीकडे बघत होते. नंतर किती तरी दिवस साहेब पाहुण्यांना सांगायचे, माझ्याच कंपनीत मला घुसू न देणारा माणूस मी पगार देऊन ठेवलाय.

सचिन नानांचा एकुलता एक. शेतकीचं शिकला आणि पिंपळगावच्या पॅकहाऊसवर क्वालिटी सुपरवायझर झाला. द्राक्षांच्या प्रत्येक लॉटमध्ये फवारणीच्या औषधाचा किती अंश उरलाय त्याचा रिपोर्ट यायचा. तो पाहून लॉट पास करायचा की अडवायचा, हे सचिनच्या हाती. संगणकावर तो अधिकार फक्त त्याच्या खात्याला. एका बड्या बागाईतदाराचा माल त्याने अडवला तेव्हा त्या गृहस्थाने पॅकहाऊसमध्ये येऊन आरडाओरडा केला. सचिनने त्यांना पाणी दिलं, रिपोर्ट दाखवला आणि माल काही सोडला नाही. ही हकिकत नानांनी मला कितीदा सांगितली असेल. दर वेळी शेवटी थांबून म्हणायचे, "पाणी मात्र दिलं हां त्यानं."

एका बाबतीत सचिन बापासारखा नव्हता. हंगामात पॅकहाऊस घड्याळाकडे बघत नाही. जेवायला जायचं तर लॉट खोळंबतात. म्हणून त्याने आपला पासवर्ड पॅकिंगवरच्या सुमनबाईंना सांगून ठेवला होता. सुमनबाई म्हणजे तिथल्या बायकांच्या मुकादम, पिंपळगावच्याच. रिपोर्ट चांगला असला की त्या परस्पर लॉट पास करायच्या. त्यांच्याकडून तो आणखी दोघातिघांना कळला. ऐन घाईत बायका ओरडायच्या, "सचिनवर कर गं, सचिनवर!" म्हणजे सचिनच्या खात्यातून. हे नानांना माहीत नव्हतं.

त्या हंगामात फेब्रुवारीच्या एका संध्याकाळी सचिन मोटारसायकलवरून नाशकाला परत येत होता. ओझरच्या अलीकडे मागचा दिवा नसलेला टेम्पो रस्त्यात उभा होता. एवढंच लिहिते.

नाना तेराव्यानंतर कामावर आले. स्वेटर घालून खोलीत बसले. महिनाअखेरीला मी त्यांना यादी दिली नाही, तोंडी सांगितलं. दोघं सोडून गेलेत, त्यांची नावं सांगितली. "तिसरं तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. नाना "हो" म्हणाले. मी बाहेर आले.

तिकडे पिंपळगावला द्राक्षं थांबणार नव्हती. नव्या सुपरवायझरला लॉट पास करायचा अधिकार द्यायला मोठ्या साहेबांची सही लागायची, आणि ते बाहेरगावी. सुमनबाईंना पासवर्ड माहीत होता. काम चालू राहिलं. मग साहेबांची सही राहून गेली. नवा सुपरवायझर हंगाम संपताच गेला. त्याच्या जागी आणखी एक आला. प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितलं जायचं, लॉट सचिनवर पास होतात.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. सकाळी नाशिकची हजेरी झाली, दुपारी आम्ही जीपने पिंपळगावला गेलो. मी पेढ्यांचे पुडे घेऊन, नाना हळदकुंकवाची कोयरी घेऊन. पॅकहाऊस रिकामं, धुतलेलं. सगळे ओळीने उभे. नाना यादी वाचू लागले. एकेक जण पुढे येत होता, पासवर्ड घालत होता, नाना वळत होते, परत फिरत होते. आणि मग त्यांनी वाचलं, "सचिन अहिरे."

का वाचलं ते मला आजही सांगता येत नाही. यादी संगणकातून जशी निघाली तशी हातात होती आणि ओळ सोडायची त्यांना सवय नव्हती, असंही असेल. नाव घेतलं आणि ते थांबले. कुणी हललं नाही. शीतगृहाच्या मोटारीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मागून सुमनबाई म्हणाल्या, "हाय, नाना. हजर हाय."

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. समोरचा माणूस पडेल असं वाटून आपण हात पुढे करतो, तसं ते होतं. त्या पुढे आल्या, सचिनच्या यंत्राच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि पासवर्ड काही न बदलता मागे जाऊन उभ्या राहिल्या. नानांनी पुढचं नाव वाचलं.

 जीपने परत येताना ओझर आलं तेव्हा नाना उजवीकडे शेतात बघत होते.

त्यानंतर नाना बदलले असं कुणी म्हटलं नसतं. काम तसंच. फक्त सकाळी आल्याबरोबर खात्यांची यादी उघडून बसायचे. प्रत्येक नावापुढे, तो माणूस शेवटचा कधी आत आला होता ते लिहिलेलं असायचं. मी सही घ्यायला गेले की ते त्या यादीसमोर बसलेले दिसायचे. मला वाटायचं, हल्ली फार कसून तपासतात.

मग धाकट्या साहेबांनी कारभार हातात घेतला आणि थंड खोली गेली. आमचा सगळा कारभार आता कुठल्या तरी दूरच्या, भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर चालणार होता. इंटरनेटवरून ती गाठायची. याला क्लाउड म्हणतात, असं धाकट्या साहेबांनी आम्हाला बसवून समजावलं. फायदे खरे होते. पिंपळगावची नोंद पूर्वी रात्री नाशकात यायची, ती आता लगेच दिसू लागली, वीज गेली तरी काही अडायचं नाही. सर्व्हर उचलून नेला त्या दिवशी नाना मला म्हणाले, "पूर्वी चोराला निदान गेटवरचा वॉचमन चुकवावा लागायचा. आता एक नाव आणि एक पासवर्ड, एवढीच भिंत." त्या वर्षी खंडेनवमीला खोलीत पूजा करायला काही उरलं नव्हतं. नानांनी इंटरनेटच्या डबीवर झेंडूचं फूल ठेवलं.

त्याच सुमारास आमचा एक कंटेनर परदेशातून परत आला. द्राक्षांत औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला होता. रिपोर्टमध्ये नापास झालेला लॉट आमच्याकडून पास होऊन गेला कसा, हे कुणाला सांगता येईना. पॅकहाऊसवर विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. तिकडच्या गिऱ्हाइकाने अट घातली की पुढचा माल घेण्याआधी तुमची संगणक यंत्रणा बाहेरच्या माणसांकडून तपासून घ्या.

पुण्याहून दोघं आले. त्यातली रेवती म्हणून मुलगी मुख्य. वयाने लहान, कामाला चोख. आमच्या परवानगीने ते बाहेरून आत शिरता येतं का ते बघत होते आणि एकेक खातं पडताळत होते. तिचे प्रश्न तीनच: माणूस आहे का, तो इथेच आहे का, आणि त्याला कामापुरतंच उघडं आहे का. नाना खूश झाले. माझ्या खंडेनवमीचंच शास्त्र आहे हे, म्हणाले. मग तिने कामावर असलेल्या माणसांची नावं माझ्याकडून मागून घेतली आणि नानांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो का, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

धाकट्या साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. रेवती म्हणाली, "एक खातं आहे. हा माणूस मॅडमच्या नोंदीत नाही, आणि खात्यातून काल दुपारी काम झालंय. सचिन अहिरे."

मी टेबलाकडे बघितलं. नाना म्हणाले, "माझ्या मुलाचं. तो वारला."

 रेवती हळूच म्हणाली, "सॉरी, काका. पण मग वापरतंय कोण?"

"पॅकहाऊस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तो गेला त्या वर्षीच्या खंडेनवमीपासून."

धाकटे साहेब चिडले नव्हते, गोंधळले होते. म्हणाले, "नाना, तुम्ही माझ्या वडिलांचं खातं बंद केलं होतं."

नाना आपल्या हातांकडे बघत होते. "रोज सकाळी यादी उघडायचो," ते म्हणाले. "सचिनपुढे लिहिलेलं असायचं, काल आला होता. कोण आलं होतं ते मला ठाऊक होतं, साहेब. तरी वाचायचो."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण रेवतीने त्या खात्याच्या मागच्या नोंदी काढल्या होत्या, आणि त्यात तो लॉट होता. परत आलेल्या कंटेनरमधला, नापास झालेला. पास करणाऱ्याच्या जागी नाव होतं सचिन अहिरे.

नाना एरवी आमच्यासारखंच बोलायचे. नामपूरकडची बोली त्यांच्या तोंडी येते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "हाई सचिननी नही कयं." हे सचिनने केलेलं नाही. परत तेच म्हणाले. जसं काही त्या खोलीत कुणाला तशी शंका होती.

शंका कुणालाच नव्हती. पण कागदावर दुसरं कुणाचं नाव नव्हतं, आणि सापडणारही नव्हतं. त्या दिवशी बटण दाबणाऱ्याला स्वतःलाही ते आठवत नसेल. पॅकहाऊसमध्ये सगळेच सचिन होते. माल अडवून पाणी देणारा पोरगा, आणि खराब माल सोडल्याची नोंद त्याच्या नावावर, तीही तो गेल्यानंतरची. ते दार ज्याने उघडं ठेवलं तो बाप समोर उभा.

धाकटे साहेब म्हणाले, हे रिपोर्टमधून वगळता येईल का. रेवती म्हणाली, नाही येणार सर, नेमकं हेच शोधायला आम्हाला बोलावलंय. नाना म्हणाले, "लिहा, बेटा. लिहायलाच पाहिजे. एक करा फक्त. जिथे जिथे त्याचं नाव येईल तिथे पुढे तो वारल्याची तारीख लिहा."

तिने तसं केलं. मी तो रिपोर्ट वाचला आहे. नाव जितक्या वेळा आलं होतं तितक्या वेळा तारीख होती.

खातं बंद करणं नाशकातूनच एका बटणाचं काम होतं. नाना पिंपळगावला गेले. मला म्हणाले, "तुम्ही पण चला, ताई." पॅकहाऊसमध्ये त्यांनी सुमनबाईंना बोलावलं.  सुमनबाईंना वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

नाना म्हणाले, "सुमनबाई, त्याला शेवटचं उघडा. माझी रीत आहे, तुम्हाला माहीत आहे."

"तुम्हीच उघडा ना, नाना."

"मला पासवर्ड कुठं माहीत आहे?"

खरंच होतं ते. पॅकिंगच्या बायकांना, येऊन गेलेल्या सुपरवायझरांना, सगळ्यांना माहीत होता. बापाला नव्हता. सचिन टाइप करायचा तेव्हा नाना भिंतीकडे बघायचे.

सुमनबाई खुर्चीत बसल्या. की-बोर्डवर हात ठेवून म्हणाल्या, "सांगू का, नाना, काय ठेवला व्हता त्यानं?"

नाना वळले. भिंतीवर सचिनच्या अक्षरातला कागद डकवलेला होता, टोपी घातल्याशिवाय द्राक्षांना हात लावू नये. ओलीने शाई पसरली होती. नाना तो वाचत उभे राहिले. मीही तिकडेच बघितलं. मागे की-बोर्ड वाजल्याचा आवाज आला.

"झालं, नाना," सुमनबाई म्हणाल्या.

एरवी ते लगेच फिरायचे. त्या दिवशी नाही फिरले. मग फिरले, खुर्चीत बसले, काही राहिलंय का ते नीट बघितलं. लॉटचे आकडे होते, बाकी काही नव्हतं. "काही नाही राहिलं," म्हणाले आणि बंद केलं. चहा सांगितला. कुणी प्यायलं नाही.

मुदतीआधीच नाना निवृत्त झाले. कुणी जायला सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःचं खातं उघडलं, खुर्ची मला दिली आणि म्हणाले, तुम्ही बंद करा.

त्यानंतर एकदाच भेटले. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मी नामपूरला गेले होते, नाना आता तिथेच राहायला गेले होते. कांद्याचा बाजार होता, ट्रॅक्टर रस्ताभर. नाना मला स्टँडवर सोडायला आले. वाळले होते. बस उभी होती, मी खिडकीशी बसले, ते खाली. इकडचं तिकडचं बोललो. मग आपणच म्हणाले, सुमनबाई येऊन गेल्या. द्राक्षं घेऊन आल्या होत्या. पासवर्ड सांगते म्हणाल्या, मनावर ओझं आहे म्हणाल्या.

"मग?" मी विचारलं.

"नको म्हटलं." ते ट्रॅक्टरांकडे बघत होते. "तो त्याना शे, ताई. त्यानाच जोडे ऱ्हाऊ द्या."

त्याचा आहे, त्याच्याजवळच राहू दे.  बसचं इंजिन सुरू झालं, कंडक्टर तिकिटाला आला. मी पर्स उघडली. खिडकीखाली नाना लगेच वळले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी पैसे दिले, पर्स मिटली, "झालं, नाना," म्हटलं. पण मधे इंजिनाचा आवाज होता, त्यांना ऐकू गेलं नाही. बस स्टँडबाहेर वळेपर्यंत ते तसेच पाठ करून उभे होते.